नाणे-प्रदर्शने आणि हेरञ्ञिकाची दृष्टी

आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतील भेद समजावून देताना नाण्यांचा एक दृष्टांत योजिला आहे. सराफाच्या फळ्यावर नाण्यांची रास पडलेली आहे. ती तिघेजण पाहतात: एक अजाण बालक, एक खेडूत आणि एक हेरञ्ञिक, म्हणजे सराफ. बालकाला नाणी केवळ नक्षीदार, लांबट, चौकोनी वा वाटोळी दिसतात. खेडुताला त्यापलीकडे एवढे कळते की या वस्तू मनुष्याच्या उपयोगाच्या असून मौल्यवान मानल्या जातात. परंतु त्यांतील खरे कोणते, खोटे कोणते, निम्म्या कसाचे कोणते, हे त्याला सांगता येत नाही. हेरञ्ञिकाला हे सर्व कळते. तो नाणे निरखतो, वाजवून ऐकतो, हुंगतो, चाखतो, हातात तोलतो. आणि ते कोणत्या गावी, कोणत्या नगरात, कोणत्या पर्वतापाशी वा नदीकाठी घडले आणि कोणत्या कारागिराने घडविले, हेही जाणतो.

बुद्धघोषांना येथे नाणकशास्त्र शिकवावयाचे नव्हते, हे उघड आहे. तथापि प्राचीन नाण्यांचे प्रदर्शन पाहणाऱ्याला कोठवर घेऊन जाते, हे तपासण्यास याहून चांगला मापदंड शोधूनही सापडणार नाही. प्रस्तुत लेखक अनेक वर्षांपासून प्राचीन नाण्यांचा एक लहानसा संग्रह बाळगून आहे आणि पुण्या-मुंबईकडे भरणाऱ्या नाणे-प्रदर्शनांना नियमाने जात आलेला आहे. या लेखात कोणा एका संस्थेच्या प्रदर्शनाचे परीक्षण करावयाचे नाही. प्रदर्शन या माध्यमातच काही सवयी मुरलेल्या आहेत आणि त्या सवयींमुळे बुद्धशासनाच्या इतिहासाचा एक अस्सल पुरावा आपल्या डोळ्यांदेखत मुका होत आहे, हे दाखवून द्यावयाचे आहे.

प्रदर्शनांचे श्रेय आधी दिले पाहिजे. वस्तुसंग्रहालयात नाणे काचेआड असते. त्याची एकच बाजू दिसते, आणि तीही बहुधा दिव्याच्या परावर्तनात हरवलेली असते. प्रदर्शनात मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचे शिशाचे सातवाहन नाणे शाळकरी मुलाच्या तळहातावर ठेवले जाते. त्याचे वजन त्याला प्रत्यक्ष जाणवते. विक्रेत्यांपैकी काही जण अत्यंत जाणकार असतात. ब्राह्मी अक्षरे ते ज्या वेगाने वाचतात, तो वेग विद्यापीठात क्वचितच पाहावयास मिळतो. भिंग डोळ्याला लावून टेबलावर तासन्‌तास वाकलेली ही मंडळी पाहिली की विनयपिटकातील उपालीची कथा आठवते. उपालीने कोणती विद्या शिकावी याचा त्याचे आईवडील विचार करीत होते. लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणना शिकला तर छाती दुखेल आणि ‘रूप’ शिकला तर डोळे दुखतील, असे त्यांना वाटले. ‘रूप’ म्हणजे नाण्यांची पारख. ती शिकणाऱ्याला पुष्कळ कार्षापण उलटसुलट करून पाहावे लागतात, असे अट्ठकथाकारांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. डोळेदुखीचा हा वारसा फार जुना आहे!

परंतु सभागृहातील बहुसंख्य गर्दी बालकाच्या आणि खेडुताच्याच पायरीवर थांबते, नव्हे, तिला तेथेच थांबविले जाते. विशिष्ट क्रमांकाच्या नोटांपाशी झुंबड असते. आपले लोक १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या एक रुपयाच्या नाण्यापाशी आणि २०१५ च्या १२५ रुपयांच्या स्मारक नाण्यापाशी हमखास थांबतात, आणि थांबावेच. मात्र ज्या महापुरुषाने १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाचा धातू, त्याचे वजन आणि त्याच्या चढउताराचे परिणाम एवढ्या काटेकोरपणे तपासले, त्याचे नाणे घेताना ‘पुढे किंमत वाढेल काय?’ हा एकच प्रश्न कानी पडावा, याची खंत वाटते.

आता प्राचीन नाण्यांच्या मांडणीकडे वळू. काही मांडण्यांत सुलतानपूर्व काळातील यच्चयावत नाण्यांवर आजही ‘हिंदू कालखंड’ अशी पाटी आढळते. भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम व ब्रिटिश असे तुकडे जेम्स मिलने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडले. इतिहासकारांनी ही विभागणी कधीच टाकून दिली. पाट्या लिहिणाऱ्यांनी टाकली नाही. या एका पाटीखाली आहत नाणी येतात, यवन राजांची नाणी येतात, शक, कुषाण आणि सातवाहनही येतात. ज्या नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी एकत्र नांदतात, त्या नाण्याला ही पाटी काय म्हणून लावावी? पाटी लावणाऱ्याचा काही हेतू असतो असे नाही. बहुतेक वेळा ती जुन्या कॅटलॉगातून उचललेली असते. पण हेतू नसला तरी परिणाम होतोच. त्या हजार-बाराशे वर्षांत या भूमीवर बुद्धशासन नावाची काही घडामोड झाली होती, हे पाहणाऱ्याला कळण्याची वाटच बंद होते.

पाटीखाली नाण्याची चिठ्ठी असते. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावरील चिठ्ठी साधारणपणे अशी असते: राजाचे नाव, वंश, धातू, ‘दुर्मिळ’ किंवा ‘उत्तम स्थिती’ असा शेरा आणि किंमत. सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यावर एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला बाण व वज्र असते. चिठ्ठीतील शब्द खोटे नसतात. परंतु हेरञ्ञिकाला जे कळते, म्हणजे कोणता पर्वत आणि कोणता नदीकाठ, ते तेथे नसते. आणि या नाण्याच्या बाबतीत पर्वतही ठाऊक आहे व नदीकाठही ठाऊक आहे.

१९०६ साली नाशिकजवळच्या सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी सापडला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती आणि ती सर्व नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी या निधीचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुन्हा ठसा मारलेले नाणे भिंगाखाली धरले, तर तीन कमानींच्या टेकडीखालून नहपानाचे नाक आणि हनुवटी अजून डोकावते, आणि दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्हाच्या वर्तुळांमधून जुन्या अक्षरांचे शेंडे दिसतात. एका राजाने दुसऱ्याचे राज्य जिंकले, हे एवढ्याशा चांदीवर एवढ्या स्पष्टपणे क्वचितच उमटले असेल. प्रदर्शनात ही गोष्ट सांगितली जाते, नाही असे नाही. कारण लढाईची गोष्ट विकली जाते.

याच परिसरातील त्रिरश्मी डोंगरावर जे कोरलेले आहे, ते मात्र सांगितले जात नाही. नहपानाचा जावई उषवदात याने तेथे जे लेणे खोदविले, आज ज्याला क्रमांक १० दिलेला आहे, त्याच्या ओवरीतील लेखांत नाण्यांचा हिशेब आहे. एमिल सेनार यांनी हे लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात संपादित केले. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदात हे लेणे चातुर्दिश संघाला देतो आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवतो. ही रक्कम तो भिक्खूंच्या हाती देत नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे गुंतविली जाते. दोन हजार एका कोलिक निकायाकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसऱ्या कोलिक निकायाकडे पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही; व्याजच तेवढे वापरावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे आहेत.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर दरशेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. उरलेल्या हजारांचे व्याज वर्षाला नव्वद होते. ते लेखातील ‘कुशणमूल’ या बाबीसाठी आहे. या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि येथे त्यांत शिरण्याचे कारण नाही. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असेही लेख सांगतो. म्हणजे खुल्या सभेत वाचन, लेखी नोंद आणि वर पाषाणावर प्रत. आजच्या विश्वस्त संस्थांनी हेवा करावा अशी ही व्यवस्था होय!

त्याच लेण्यात पुढे ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असे प्रमाणही नोंदलेले आहे: सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण. नहपानाची सोन्याची नाणी ज्ञात नाहीत. त्यामुळे हा सुवर्ण कोणाचा, या प्रश्नावर नाणकशास्त्रज्ञांनी बरेच श्रम केले आहेत. पण सराफी पेढीवरचा चालू भाव डोंगराच्या भिंतीवर कोरून ठेवलेला असावा, ही गोष्टच केवढी विलक्षण आहे. हा कार्षापण म्हणजे नहपानाचे तेच चांदीचे नाणे, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. तसे असेल, तर प्रदर्शनात ‘दुर्मिळ, उत्तम स्थिती’ म्हणून ठेवलेल्या त्या नाण्यासारखी बारा नाणी म्हणजे एका भिक्खूचे वर्षाचे चीवर होते. हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहावयास किती जागा लागते?

येथे विनयाचा प्रश्न उपस्थित होतो आणि आपल्या अभ्यासकांनी तो टाळू नये. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीत जो वाद झाला, त्यातील दहावी बाब जातरूप-रजताची, म्हणजे सोने-चांदी स्वीकारण्याची होती. वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या दिवशी काशाचे पात्र पाण्याने भरून संघामध्ये ठेवीत आणि उपासकांना त्यात कार्षापण, अर्धा, पाद, निदान माषक तरी टाकण्यास सांगत. यश काकंडकपुत्त यांनी त्याला विरोध केला. नाण्यांच्या त्या चार नावांमुळे हा उतारा नाणकशास्त्राच्या ग्रंथांतूनही उद्धृत होतो. पण तेथे नावे घेतली जातात आणि वाद सोडून दिला जातो. त्रिरश्मीचा लेख त्या वादाच्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे श्रेणीकडे ठेव ठेवण्याची रीत केवळ आर्थिक सोय राहत नाही. संघाच्या गरजा आणि संघाचा नियम यांच्यामध्ये विणकरांचा समूह उभा केलेला आहे. चीवराचे बारा कार्षापण अखेरीस भिक्खूच्या हाती पडत की त्यांचे वस्त्रच पोहोचविले जाई, हे लेखात स्पष्ट केलेले नाही. परंतु मुद्दल जपण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते मागावर बसणारे लोक होते, हे निर्विवाद आहे. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी येतात. राजांची नावे नाण्यांवर आहेत. ही नाणी ज्यांच्या हातांतून फिरली त्यांची ओळख लेण्यांत आहे. दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज दोन्ही अर्धवट राहतात.

इथवरची टीका प्रदर्शनांवर झाली. आता थोडी आपल्याच लोकांवर करणे अगत्याचे आहे. अलीकडे आपल्या समाजातील अनेक तरुण नाणी जमवू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अल्बममध्ये तीन कमानींची टेकडी असलेले प्रत्येक नाणे ‘स्तूपाचे नाणे’ आणि ते पाडणारा प्रत्येक राजा ‘बौद्ध राजा’ म्हणून नोंदलेला दिसतो. विक्रेत्यांना ही आवड समजलेली असून ‘चैत्य’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिला की नाणे आपल्याकडे लवकर खपते, हेही त्यांच्या ध्यानी आले आहे. काही जुन्या संशोधकांनी या चिन्हाला चैत्य म्हटले होते, हे खरे. पण पुढे अनेकांनी ते पर्वताचे चिन्ह मानले, आणि त्यांची कारणे दुबळी नाहीत. हेच चिन्ह चष्टनापासून पुढच्या पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या येते. सोहगौऱ्याच्या ताम्रपत्रावर, जे कोठारांसंबंधीचा सरकारी आदेश आहे, तेही चंद्रकोरीसह आढळते. असे चिन्ह राज्यसत्तेचे असू शकते. ते स्तूपाचे असण्याची शक्यता सर्वस्वी नाकारावी असे माझे म्हणणे नाही. परंतु केवळ त्याच्या आधाराने राजाचा धम्म ठरविता येणार नाही.

गौतमीपुत्राचेच उदाहरण घ्या. त्याच्या ठशावर ही टेकडी आहे. त्याने संघाला दाने दिली. परंतु त्याच त्रिरश्मीच्या लेणे क्रमांक ३ मध्ये, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याची माता गौतमी बलश्री हिने जो लेख कोरविला, त्यात क्षहरातांचा निर्वंश करणारा म्हणून त्याचा गौरव आहे. आणि त्याबरोबरच ‘एकबम्हण’ म्हणून व चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हणूनही गौरव आहे. हा लेख भिक्खूंना दिलेल्या लेण्यात आहे! ज्या संघाने जातीला थारा दिला नाही, त्या संघाच्या ओवरीत वर्णसंकर रोखल्याची प्रशस्ती कोरली जावी, हा इतिहासातील एक कडवट भाग होय. तो झाकून सातवाहनांना बौद्ध ठरविण्याने आपले काहीच भले होणार नाही. राजे दान देत, कारण त्या डोंगराखालच्या व्यापारी वाटा, तेथील श्रेणी आणि तेथील जनता संघाच्या मागे होती. शक आला त्यानेही दिले, सातवाहन आला त्यानेही दिले. उषवदाताच्या ताब्यातील दोनशे निवर्तनांचे शेत गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी याच डोंगरावरील भिक्खूंना दिल्याचा लेख आहे. नाण्याप्रमाणे दानावरही त्याने आपला ठसा उमटविला, असेच म्हणावे लागेल. संघ मात्र तोच राहिला.

आणि जेथे नाण्यावर बुद्ध निःसंशय आहेत, तेथे प्रदर्शने कोणती माहिती देतात? कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर प्रभामंडलयुक्त उभी बुद्धमूर्ती असून ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ अशी अक्षरे आहेत. तांब्याच्या नाण्यांवर शाक्यमुनी आणि मैत्रेय अशी दोन स्वतंत्र रूपे, आपापल्या नावांसह आहेत: ‘साकामानो बौदो’ उभे आणि ‘मेत्रागो बौदो’ आसनस्थ. येथे तर्काला जागाच नाही. नाणे स्वतःच बोलते. सोन्याची अशी नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उपलब्ध आहेत. त्यांपैकी ब्रिटिश म्युझियममधील नाणे जलालाबादजवळच्या अहिनपोश स्तूपातून आले. १८७९ साली विल्यम सिम्प्सन यांनी तो स्तूप खोदला, तेव्हा धातुकरंडकाबरोबर कुषाण आणि रोमन सोन्याची नाणी निघाली. त्यांत डोमिशियन, ट्राजन आणि साबिना यांची नाणी होती. म्हणजे हे नाणे बाजारात फिरता फिरता हरवलेले नव्हे. कोणीतरी ते स्तूपाच्या गर्भात, पुन्हा कधीही खर्च होऊ नये म्हणून, अर्पण केलेले होते. आज त्याच्या ओतीव नकला तयार होतात. कडेची जोडरेषा, पृष्ठभागावरील बारीक बुडबुडे आणि वजनातील तफावत यांवरून त्या ओळखता येतात. परंतु भगवंतांची प्रतिमा पाहून हात जोडणारा श्रद्धाळू ग्राहक वजनकाटा मागत नाही. श्रद्धेने नाणे विकत घेऊ नये, काट्यावर ठेवून घ्यावे. तसेच कनिष्काच्या बहुसंख्य नाण्यांवर नाना, मिथ्र, माओ, ओएशो अशा इतर देवता आहेत, आणि बुद्ध त्यांच्यापैकी थोड्यांवर आहेत, हेही त्याच चिठ्ठीवर लिहिले पाहिजे.

प्रदर्शनांची आणखी एक सवय पुराव्याला अधिक घातक आहे. ती म्हणजे ‘उत्तम स्थिती’ची ओढ. निधी सापडला की चांगली नाणी वेचून काढली जातात आणि झिजलेली मोडीत जातात किंवा किलोच्या भावाने विकली जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आहत नाण्यांवर जे काम केले, ते नेमके याच्या उलट वाटेने जाणारे होते. पालीचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र गणिती होते. त्यांनी तक्षशिलेच्या निधींतील नाणी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक फिरले तितके सरासरी वजन घटते आणि वजनांतील फरक वाढतो. या साध्या तत्त्वावर त्यांनी नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावला. हे झिजलेल्या नाण्यांवाचून झाले नसते, आणि निधी फुटला असता तर मुळीच झाले नसते. आज प्रदर्शनातील टेबलावर एखादा निधी वीस पाकिटांत विभागलेला दिसतो, तेव्हा एक ग्रंथ पानापानाने विकावयास काढावा तसे वाटते. त्यातच नाणी चिंच, लिंबू किंवा ॲसिडमध्ये बुडवून चकचकीत करण्याची खोड आहे. शिशाच्या सातवाहन नाण्याला तर आंबट पदार्थ विषासमान. वरचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात.

याउलट, अकोल्याकडील, आता वाशिम जिल्ह्यात असलेल्या, तऱ्हाळा गावचा १९३९ चा निधी पाहावा. सुमारे १,६०० पोटीनची नाणी, दिसावयास ओबडधोबड, पुष्कळशी फुटकी. तो निधी अभ्यासकांच्या हाती पडला, महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचला आणि पुराणांच्या यादीतही नसलेली सातवाहन राजांची नावे त्यातून उजेडात आली. त्याच नाण्यांपैकी एकेक सुटे नाणे आज कोणी टेबलावर ठेवले, तर शंभरातील नव्वद गिऱ्हाइके त्याकडे ढुंकून पाहणार नाहीत.

कायदा या बाबतीत अगदीच गप्प नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे त्यानुसार बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी रीतीने देशाबाहेर नेण्यास मनाई केली. परंतु प्रदर्शनाच्या सभागृहात ‘हे कोठे सापडले?’ असा प्रश्न विचारणारा ग्राहक अजूनही विक्षिप्त ठरतो. मी तो प्रश्न नेहमी विचारतो. उत्तर बहुधा ‘जुन्या संग्रहातले’ असे मिळते. तो संग्रह कोणाचा आणि कधीचा, हे विचारल्यावर संभाषण संपते. संग्राहकांनी हा प्रश्न एकमुखाने विचारावयास आरंभ केला, सापडण्याचे ठिकाण सांगता येत नसलेले नाणे घेण्याचे नाकारले, तर ती वाट बऱ्याच अंशी बंद होईल. निदान ती अवघड तरी होईल. आपल्यापैकी जे नाणी जमवितात त्यांच्या खिशाला हे कडू लागेल. पण एखाद्या स्तूपाचा पाया उकरून काढलेली नाणी विकत घ्यावयाची आणि पुन्हा लेण्यांच्या संरक्षणासाठी निवेदने द्यावयाची, या दोन गोष्टी एका हाताने करता येणार नाहीत.

प्रदर्शन भरविणाऱ्यांकडून फार मोठी अपेक्षा नाही. भरहुतच्या कठड्यावर जेतवनाच्या दानाचे जे शिल्प आहे, आणि जे आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, त्याचे एक मोठे छायाचित्र आहत नाण्यांच्या टेबलामागे लावावे. त्यात गाडीतून उतरवून जमिनीवर अंथरली जाणारी नाणी चौकोनी दाखविली आहेत. चौकोनी आहत नाणे हातात धरून त्या शिल्पाकडे पाहणाऱ्या मुलाला अनाथपिंडिकाची कथा वेगळी शिकवावी लागणार नाही. नहपानाच्या नाण्याशेजारी उषवदाताच्या लेखाचा ठसा आणि त्याचे मराठी भाषांतर ठेवावे. नाशिकजवळच अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. तेथील अभ्यासकांची मदत घेता येण्यासारखी आहे. आणि प्रत्येक चिठ्ठीवर किमतीच्या आधी वजन आणि सापडल्याचे गाव लिहावे.

आपल्या विहारांनाही यात करण्यासारखे आहे. त्रिरश्मीच्या पायथ्याशी विहार आहे, आणि वर्षभर उपासक-उपासिकांची तेथे ये-जा असते. अस्सल नाणी नकोत, नुसत्या मोठ्या केलेल्या छायाचित्रांचे फलक पुरेत: एकावर नहपानाचे मूळ नाणे, दुसऱ्यावर गौतमीपुत्राचा ठसा मारलेले, तिसऱ्यावर वीस भिक्खूंच्या चीवरांचा हिशेब. ते पाहून वर चढावे, लेणे क्रमांक १० मध्ये तो हिशेब मूळ अक्षरांत पाहावा आणि मग क्रमांक ३ मध्ये यावे. तेथे गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षीच्या दानलेखाजवळच चोविसाव्या वर्षीचा आणखी एक लेख आहे. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून भिक्खूंना राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी, अशी आज्ञा त्यात गोवर्धनच्या अमात्याला दिलेली आहे.